डोके वळले, नजर सुटली नाही

हिंगोलीत डॉ. दत्तात्रय सावरगावकर सरांच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मी सहायक डॉक्टर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी सरांनी मलाच रुग्णाच्या स्टुलावर बसवले. "माझ्या नाकाकडं बघत राहा," म्हणाले आणि माझे डोके दोन्ही हातांत धरून त्यांनी ते झटकन थोडेसे वळवले. माझी नजर त्यांच्या नाकावरच राहिली. "हे आतल्या कानाचं काम. डोकं हललं, की तो डोळ्यांना तेवढंच उलटं वळवतो. कान बिघडला, तर नजर सुटते आणि मागाहून उडी मारून परत येते." सरांशी माझी ओळख झाली ती अशी.

चक्कर आलेल्या माणसाच्या त्रासाला आपल्याकडे कोणी अशक्तपणा म्हणतात, कोणी बाहेरची बाधा. सर आधी सगळे ऐकून घेतात, मान दुखते का विचारतात, काय करणार ते सांगतात आणि परवानगी मिळाल्यावरच डोक्याला हात लावतात.

एकदा सेनगावकडच्या तांड्यावरून कमलाबाईंना जीपमध्ये आडवे घालून आणले. सकाळपासून सगळे गरगरत होते, उलट्या थांबत नव्हत्या. सरांनी त्यांचे डोके दोन्ही बाजूंना वळवून पाहिले. डोळे थरथरत होते, पण नजर नाकावरून सुटली नाही. मला हायसे वाटले. सरांचा चेहरा मात्र उतरला.

"नांदेडला न्या. आत्ताच."

त्यांचे यजमान हरिभाऊ तयार होईनात. "साहेब, मागच्या बारीला गोळीनं उतरलं व्हतं. आता इतकं लांब काहून?"

सर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "हरिभाऊ, एवढी चक्कर कानाची असती, तर नजर सुटली असती. कान चांगलाय, म्हणूनच मला भीती वाटून राहिली. हे मेंदूचं असंल."

"तुमी येता का संगं?"

"येतो की."

बाहेर बसलेले रुग्ण माझ्यावर सोपवून सर त्याच जीपमध्ये चढले. नांदेडला तपासणीत कळले, मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा अडला होता. उपचार वेळेत सुरू झाले, कमलाबाई वाचल्या. पुढे तोल सावरेपर्यंत सर तांड्यावर जाऊन त्यांना चालण्याचा सराव देत राहिले. आज त्या काठी टेकत का होईना, शेळ्यांमागे स्वतः जातात.

यंदा सरांची पंच्याहत्तरी. दुपारी घटकाभर पडा, असे घरी काकू आणि दवाखान्यात आम्ही सगळे सांगून थकलो. सर ऐकत नाहीत. त्यांना निरोगी शतायुष्य लाभो. जिल्ह्याला त्यांची गरज आहे, आणि मला तर रोजच लागते.