वळ गावच्या गोदामात जंबो पिशवीचं तोंड निवडताना

"भिवंडीला कुणी फिरायला जातं का?" असं बार्शीत चौघांनी विचारलं. मी गेले, आणि तुम्हीही जा म्हणेन.

आमची चिंचोक्याची पावडर दळायची लहानशी गिरणी आहे. सुताला कांजी द्यायला ही पावडर लागते. टनभर माल मावणाऱ्या जंबो पिशव्यांतून ती भिवंडीच्या एका व्यापाऱ्याकडे जाते. मागच्या खेपेला पावडरीचे गोळे झाले आणि अख्खी गाडी परत आली. "अजून एक खेप बघतो, मग नाही," शेठनी फोनवर सुनावलं. आमचा अर्धाअधिक धंदा याच गिऱ्हाइकावर चालतो. म्हटलं, आता पिशवीसुद्धा हात लावून बघूनच घ्यायची. गिरणीत चिंचोके वाळवणारे आणि माल भरणारे भीमामामा सोबत आले.

पहाटे पाचला गाडी काढली. टेंभुर्णीला चहा, पुण्यापुढे द्रुतगती मार्ग, तिथवर मजेत. शिळफाट्यापासून मात्र कंटेनरच्या रांगेत दीड तास गेला. जाणार असाल तर पाणी आणि सहनशक्ती जवळ ठेवा. मानकोली नाक्यावरून आत वळ गावात शिरलो तेव्हा दोन वाजले होते. रस्त्यालगतच्या खाणावळीत तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण खाल्लं. स्वस्त आणि असं झणझणीत की मामांनी दोनदा रस्सा मागितला.

वळमध्ये नजर जाईल तिथे गोदामंच. त्यातल्याच एकात पिशव्यांचा कारखाना. शिलाई विभाग सांभाळतात त्या वंदनाताई, गावातल्याच, पन्नाशीच्या. मशीनवरच्या पोरींशी हिंदीत, फोनवर मराठीत, आणि हात तिसऱ्याच कामात. मी बघतच राहिले.

मी घरूनच ठरवून गेले होते: वरून बंद आणि मधोमध नळी असलेली, सगळ्यात महागडी पिशवी. ताईंनी ऐकून घेतलं आणि मामांकडे वळल्या.

"काका, माल भरता कशानं?"

"घमेल्यानं. स्टुलावर हुबा ऱ्हाऊन."

"मंग करून दाखवा."

लोखंडी चौकटीला नळीची पिशवी टांगली. मामांनी घमेलंभर भुसा ओतला. अर्धा आत, अर्धा ताईंच्या पायावर. पोरी खदखदून हसल्या.

"यंत्राच्या पाइपाला ही बरी हाय. तुमच्या कामाची न्हाय," ताई पाय झटकत म्हणाल्या. "आता कंची वापरता?"

मी फोटो दाखवला. तोंड पूर्ण उघडं, वर नुसतं फडकं.

"मंग गोलं व्हनारच! गाडीवरच्या ताडपत्रीखाली वाफ धरते, ती सरल आत जाते. मानसाचा काय दोष न्हाय यात."

मामा फोटोतल्या पिशवीकडे बघत राहिले. चिंचोके नीट वाळवले नाहीत म्हणून मी सगळं खापर त्यांच्यावर फोडलं होतं, तेही सगळ्या कामगारांसमोर.

ताईंनी तिसऱ्याच प्रकारची पिशवी टांगली. तिच्या तोंडाला परकरासारखा कापडी घेर. भरताना सैल सोडला की घमेलं सहज आत जातं. भरून झालं की चुण्या गोळा करायच्या, पीळ द्यायचा, दुमडून नाडीनं आवळायचं. मामांनी गाठ मारली. ताईंनी ओढून पाहिली आणि पोरींना म्हणाल्या, "देखो, ऐसे बांधते हैं." स्वतःचा महाग माल विकायचा सोडून आमच्या कामाचा माल देणाऱ्या या बाईंना मी मनोमन हात जोडले.

मुक्काम गणेशपुरीला केला. साधी खोली, सकाळी गरम पाण्याचं कुंड. मामा पाय सोडून निवांत बसले होते. तिथे माफी मागायची होती, पण जीभ रेटेना. परतीच्या वाटेवरही नाही.

नव्या पिशव्यांतून माल गेला. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मग शेठचा फोन आला: "माल मोकळा आहे. पुढची गाडी कधी?"

मी तशीच गिरणीत गेले. मशीन बंद करायला लावलं. सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी होती, पिशवी मी निवडली होती, मामांची माफी मागते.

मामा घमेलं पुसत म्हणाले, "तोंड उघडं हाय म्हून गोळं झालं, ते मला तवाच ठावं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कुटं?"