कुशीतली गळती

शुक्रवार पेठेत चन्नम्मा कडक भाकरी करून विकायची. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं; भाकरी तव्यावर असतानाही ती दारापर्यंत जाऊन यायची. त्यामुळे पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात मुतखड्याचं ऑपरेशन होऊन ती घरी आली आणि खाटेवर टिकेना, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

पण हे चुळबुळणं निराळं होतं. उजवी कूस तटतटायची. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की पडावंसं. दिवस कलला की अंगात कणकण भरायची.

"खडा गेला की," तिचा नवरा गुरुलिंग म्हणाला. "आता मनातनं काढ."

"मनात न्हाय, कुशीत हाय. आत कायतरी साठतंय."

शेवटी त्याला घेऊन ती ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी पोट दाबून पाहिलं. मग सरळ सांगितलं: खडा काढताना मूत्रनळीला इजा झाली असेल, तर लघवी आतल्या आत झिरपत असणार. पण खात्री कशी करायची? ऑपरेशनआधी एक्स-रेसाठी शिरेत औषध दिलं, तेव्हा तिचा श्वास कोंडला होता. ते पुन्हा देणं धोक्याचं होतं. मुंबईत मात्र आयसोटोपची तपासणी होत होती.

"म्हंजे काय ओ?" गुरुलिंगनं विचारलं.

"अणुशक्तीतनं तयार झालेलं औषध. अगदी थोडं देतात. ते लघवीत उतरतं, आणि जिथं जिथं जातं तिथं यंत्राच्या चित्रात ठिपके उमटतात."

आदल्याच वर्षी अणुस्फोटाची बातमी त्यानं रेडिओवर ऐकली होती. घरी येताच तो म्हणाला, "असलं कायतरी अंगात घालून घ्यायचं न्हाय."

"मग हितं बसून सडू?" चन्नम्मानं विचारलं. दोघं मुंबईला गेली.

तिथल्या इस्पितळात तिच्या हाताच्या शिरेत इंजेक्शन दिलं आणि यंत्राखाली झोपवलं. "अजिबात हलायचं नाही, बाई." सुईपेक्षा तेच तिला जड गेलं. टाचेला खाज सुटली, घशाशी खोकला आला. तिनं मुठी आवळून धरल्या. चित्रात ठिपके जमले. दोन्ही मूत्रपिंडं, मग मूत्राशय. दुसरं काहीच नाही.

गुरुलिंगनं निःश्वास टाकला. पण तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "गळती बारीक असेल तर उशिरा दिसते. थांबा." चन्नम्मा व्हरांड्यात येरझारा घालत राहिली. दुपारनंतर पुन्हा चित्र काढलं. उजव्या मूत्रपिंडाखाली, जिथं काही असायला नको तिथं, ठिपक्यांचा पुंजका होता.

"लघवी इथं नळीबाहेर साठतेय," बाई म्हणाल्या.

"बघा," चन्नम्मा नवऱ्याला एवढंच म्हणाली. त्यानं मान खाली घातली.

तिथंच दुसरं ऑपरेशन झालं. साठलेलं काढून नळी शिवली. ताप उतरला, कूस मऊ पडली आणि ती पुन्हा चुलीपुढं बसली. तरी वर्षभर भाकरी थापता थापता मध्येच थांबून ती कुशीवर हात दाबून बघायची.

"दुखतंय का?" गुरुलिंग विचारायचा.

"न्हाय," ती म्हणायची. पण हात लगेच काढायची नाही.