समास कापला तेव्हा

चौतीस वर्षं मी प्रयोगशाळेत गोंदांवर संशोधन केलं. त्यामुळे निवृत्तीनंतर पुस्तकबांधणी आणि खोकी करायचं मनात आलं, तेव्हा यात आपल्याला शिकण्यासारखं फारसं नाही अशी माझी खात्री होती. पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल ताबडतोब माझं झालं. बायको ताट मांडीवर घेऊन जेवू लागली.

काशीगावात पावतीपुस्तकं बांधणारे एक म्हातारे बाइंडर होते. त्यांच्याकडे महिनाभर गेलो. ते मैद्याची खळ बोटाने चाचपायचे, नजरेने पुठ्ठा कापायचे, आणि खोक्याचं झाकण अचूक बसायचं. मी कॅलिपर लावून मोजायचो, माझं बसायचं नाही. दोष पुठ्ठ्याचा आहे, हे मी त्यांना सविस्तर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून चहा मागवला.

मग बायकोने तिच्या आईची पाककृतींची वही काढली. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि वहीची शिवण सुटली होती. नुसती शिवा, बाकी काही करू नका, असं तिने बजावलं. बाइंडरही तेच म्हणाले, "साहेब, घरची वही हाय. कटिंग मारू नका." दोघांपैकी एकाकडेही डॉक्टरेट नव्हती, म्हणून मी ऐकलं नाही.

वेड्यावाकड्या कडा मला सोसत नाहीत. वही शिवली आणि तिन्ही बाजूंनी बोटभर कापली. फोटो निवृत्तांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी शाबासकीचे अंगठे पाठवले.

बायकोने अळूवडीचं पान उघडलं आणि समास कुठे गेला, एवढंच विचारलं. सासूबाई कृती पानावर लिहायच्या आणि मनातलं समासात. प्रयोगवहीच्या समासातलं काही फेकायचं नसतं, हे मी हाताखालच्या पोरांना जन्मभर शिकवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

कचऱ्याची पिशवी अजून घरातच होती. ती जमिनीवर ओतून मी पट्ट्या वेचल्या. एकीवर उभं, बारीक अक्षर होतं: 'जावयांना वडी आवडते. ते सांगणार नाहीत. पुढच्या वेळी दुप्पट करणे.'

त्या पट्ट्यांसाठी मी खोकं केलं, काहीही न मोजता. झाकण बसलं. ती पट्टी सगळ्यात वर ठेवून बायकोपुढे धरलं. तिने वाचलं.

"मग सांगायचंत ना," ती म्हणाली, "ती होती तेव्हा."