सांगली-सातारा गाडीतला रॉकवाला

एसटीत सांगलीला माझ्या शेजारी एक मिशाळ माजी फौजी बसला. मोबाइलवर मोठ्यानं जुनं इंग्रजी रॉक लावून गुडघ्यावर ड्रम बडवू लागला. वैताग गिळून मी भडंगाचा पुडा पुढं केला. गिटार सुरू झाली की तो डोळे मिटून पुड्यात दोन बोटं घालायचा.

“या बँडचे सगळे अल्बम ऐकलेत?” मी विचारलं.

“छ्या! बराकीत बी ग्रेटेस्ट हिट्स, आता बी त्येच. आवं, हिट तेवढी वेचून घ्यायची. बाकीची गाणी ज्याची त्याला!”

मला एकदम पटलं. मीही मान डोलावू लागलो.

इस्लामपूरला तो उतरला. पुड्यात शेंगदाणा नव्हता, तळलेला लसूण नव्हता, नुसते चुरमुरे होते. बाकीचा अल्बम मी साताऱ्यापर्यंत चावत बसलो.