ऋचाच्या खोलीतला टीव्ही

मंदाकिनी आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या घरात राहिली. आधी वडिलांच्या, मग भावाच्या. परभणीला टेलिफोन खात्यात तिने नोकरी केली. लग्न जमलं नाही, आणि पुढे ते जमवायचं कुणी मनावरही घेतलं नाही. घरात टीव्ही आला तो वडिलांचा होता, वडील गेल्यावर भावाचा झाला. भावाला बातम्यांचं वेड. क्रिकेट लागलेलं असलं की मंदाकिनी दाराशी उभी राहून पाहायची, आणि भावाने चॅनल बदललं की स्वयंपाकघरात जायची. यात काही वावगं आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही. तिलाही नाही.

निवृत्त झाल्यावर तिने स्वतःसाठी टीव्ही घेतला आणि आपल्या पलंगासमोर लावला. संध्याकाळी दार लोटून घ्यायचं आणि शेवटच्या चेंडूपर्यंत सामना पाहायचा. हे सुख जेमतेम वर्षभर टिकलं, कारण भाऊ वारला. भावजय आधीच गेली होती. एवढ्या मोठ्या घरात आत्या एकटी कशी राहणार, म्हणून भाचा तेजस तिला पुण्याला घेऊन आला. गाडीच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला टीव्हीही आला.

तेजसचा फ्लॅट बिबवेवाडीत. दोन बेडरूम. एक त्याची आणि श्रद्धाची, दुसरी ऋचाची. ऋचा चौथीत होती. तिच्या खोलीत आत्याचा पलंग मांडला, समोरच्या भिंतीवर टीव्ही चढला. ऋचाला आकाश ठेंगणं झालं. वर्गात कुणाच्याच खोलीत टीव्ही नव्हता. मंदाआजीच्या शेजारी पडून ती सामने पाहू लागली आणि महिन्याभरात पायचीत कशाला म्हणतात ते वडिलांना समजावून सांगू लागली. सगळे हसले. कौतुकच झालं.

पण पुढे पुढे ऋचाला टीव्ही चालू असल्याशिवाय झोप येईना. बंद केला की ती डोळे उघडायची. मंदाकिनी आवाज पार बारीक करायची, तरी उजेड होताच. सकाळी उठवताना घरात रोज रडारड. शेवटी शाळेतून निरोप आला की मुलगी बाकावर डोकं ठेवून झोपते. त्याच सुमारास शाळेने पालकांसाठी एका समुपदेशक बाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. श्रद्धा त्याला जाऊन आली.

रविवारी नाश्ता झाल्यावर तिने विषय काढला. श्रद्धा पुण्याचीच; आडवळणाने बोलायची तिला सवय नव्हती, पण त्या दिवशी ती दोन-तीनदा टेबल पुसून मग बसली.

"आत्या, तुम्हाला म्हणून नाही सांगत. पण मुलांच्या झोपायच्या खोलीत टीव्ही नको, असं त्या बाईंनी अगदी स्पष्ट सांगितलं."

"बरोबर सांगितलं," मंदाकिनी म्हणाली. "मलाही ते दिसत होतं."

तिला खरंच पटलं होतं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलेलं तिने सगळ्यांच्या आधी पाहिलं होतं. खटकला तो एक शब्द. मुलांची खोली. ती सहा महिने जिथे झोपत होती ती खोली मुलांची होती, हे तोवर तिच्या नीटसं लक्षात आलं नव्हतं. ते कुणी लपवलंही नव्हतं म्हणा. दारावर रंगीत अक्षरांत ऋचाचं नाव चिकटवलेलं होतंच.

तेजसने टीव्ही उतरवून माळ्यावर टाकला. हॉलमध्ये मोठा टीव्ही होता, आत्याने तिथे हवं ते पाहावं असं ठरलं. पण संध्याकाळी हॉलमध्येच श्रद्धाच्या अमेरिकेच्या ऑफिसशी मीटिंगा चालायच्या. मंदाकिनी आवाज बंद करून पाहायची. मग तेजस जेवायला बसला की तो सहज म्हणायचा, "आत्या, दोन मिनिटं जरा बातम्या लावू का?" ती लगेच रिमोट द्यायची आणि उठून पोळ्या गरम करायला जायची. एकदा तवा ठेवताना तिच्या ध्यानात आलं की आपण परभणीला जे करत होतो तेच इथे करतो आहोत.

तेजसच्या नजरेतून ते सुटलं नाही, मुलगा मायाळू होता. त्याने तिच्या मोबाईलवर सामने दिसतील अशी सोय करून दिली, इयरफोन आणून दिले. ती पांघरुणात मोबाईल धरून पाहू लागली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या पलंगावरून ऋचाने विचारलं, "आजी, मोबाईल चालतो का या खोलीत?"

पोरीने खोचकपणे विचारलं नव्हतं, तिला नियम नक्की काय आहे तो हवा होता. मंदाकिनीने मोबाईल बंद केला.

नंतरच्या आठवड्यात ती देवदर्शनाला म्हणून बाहेर पडू लागली. देवदर्शन व्हायचं, पण खोल्याही पाहणं व्हायचं. शनिवार पेठेत जुना वाडा पाडून बांधलेल्या एका इमारतीत दुर्गाबाई नावाच्या बाईंची वरची खोली रिकामी होती.

"एकट्याच?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"एकटीच."

"पाहुणेरावळे?"

"एक. चौथीतली."

"चालेल. जिन्यात चपला काढायच्या नाहीत."

घरी सांगितलं तेव्हा तेजस फार दुखावला. गावाकडचे म्हणतील, आत्याला घराबाहेर काढलं. तो म्हणाला, एका टीव्हीसाठी कुणी घर सोडतं का? मंदाकिनीने त्याला समजावण्याचा प्रयत्न केला, पण तिचं तिलाच नीट मांडता येईना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "ऋचाला या वयात स्वतःची खोली मिळाली, चांगलं झालं. मला साठीनंतर एक घेऊ दे." सामान पोचवायला मात्र तोच आला, आणि टीव्ही त्यानेच भिंतीवर ठोकून दिला.

ऋचाची झोप सुधारली, पण लगेच नाही. मधले काही दिवस ती अंधारात कुरकुरत पडून राहायची आणि तेजसला तिच्याजवळ बसावं लागायचं. शनिवारी कुणीतरी तिला आजीकडे सोडायचं. दुपारी दोघी टीव्ही पाहायच्या, सहाला बंद करून भेळ खायला जायच्या.

दिवाळीनंतर एकदा श्रद्धा स्वतः ऋचाला न्यायला आली. ती प्रथमच येत होती. अरुंद जिना चढून वर येईपर्यंत तिला धाप लागली. पाणी पिऊन ती खोलीभर नजर फिरवत म्हणाली, "आत्या, एक सांगू? मी सगळ्यांना सांगितलंय, तुमचे गुडघे दुखतात, तुम्हाला तळमजला हवा होता म्हणून तुम्ही इकडे आलात."

मंदाकिनीने चहात आलं ठेचून टाकलं.

"चांगलं केलंस. फक्त त्यातल्या कुणाला इकडे घेऊन येऊ नकोस."

श्रद्धा हसली. मग पदराने कपाळ पुसत पलंगावर टेकली आणि कोण जिंकतंय ते ऋचाला विचारू लागली.