उरलेल्या गोळ्या

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. माहीत असतं तर माझ्या ताटात वाढताना तिचा हात थांबला असता — निदान एकदा तरी. तुम्हाला सांगतोय, कारण तुमच्या गावात मला राहायचं नाही.

मी डॉक्टर आहे. मूळचा आंबेगावातल्या लोणीचा, दवाखाना जुन्नर तालुक्यात, बोरी बुद्रुकला. सुरुवातीला मी फार तत्त्वाचा होतो. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक द्यायचं नाही, हे मनाशी पक्कं. वाफ घ्या, गरम पाणी प्या, उतरेल — आणि उतरायचंही. पण आपोआप उतरलेल्या तापाचं श्रेय डॉक्टरला कोण देतं?

गावात एक आप्पा होते. दूध संकलनाचं सेंटर त्यांचं, आणि गावातल्या प्रत्येक लग्नात माइकही त्यांच्याच हातात. कोण आलं, कुणाचा सत्कार, कुणाची फिरकी — सगळं त्यांच्या तोंडून. अशाच एका लग्नात मंगलाष्टकांना अवकाश होता. मी मांडवात शिरलो आणि आप्पांना विषय मिळाला.

"आमचं डॉक्टर आलं बरं का. गरम पाण्याचं डॉक्टर. आवं, गरम पाणी तर आमची म्हातारी बी पाजती. हाताला गुण न्हाई, पण अक्षता टाकायला हात बरा हाय."

मांडव हसला. बायकांच्या बाजूला माझी बायको बसली होती, तीही कसंनुसं हसली. ते हसू मला आजही दिसतं. 'गरम पाण्याचा डॉक्टर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. माणसं माझ्या दारावरून राजुरीला जायला लागली, तिथल्या डॉक्टरच्या सुईसाठी. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा थट्टेचं काय मनाला लावून घ्यायचं? मी घेतलं. मी डूख धरणारा माणूस आहे. आधी माहीत नव्हतं, त्या मांडवात कळलं.

पुढच्या थंडीत आप्पांना राजुरीपर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून ते माझ्याकडे आले. नाक वाहतंय, घसा खवखवतोय. म्हणाले, "जरा भारी द्या राव, गरम पाणी नको." छाती तपासली, स्वच्छ होती. गोळीची काही गरज नव्हती. तरी मी लिहिली — आणि साधी नाही, अगदी अडलं तरच काढायची असते ती. लिहिताना मनात काय होतं, ते स्पष्टच सांगतो. अशा गोळ्या उगाच खात राहिलं की अंगातले जंतू त्यांना सरावतात, आणि खरी वेळ येते तेव्हा औषध लागू पडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हटलं, घ्या आप्पा. भारी हवंय ना? एक दिवस भारीसुद्धा चालणार नाही, तेव्हा सांगा माइकवरून.

ते खडखडीत बरे झाले. न घेताही झाले असते. त्यांनी गावभर सांगितलं, माझा दवाखाना भरायला लागला, आणि गावालाही भारीच हवं होतं म्हणून मी गावालाही दिलं. आप्पा तर शिंकले तरी यायचे. मी हसून द्यायचो. किती वर्षं? बरीच.

इथपर्यंत सांगणं सोपं आहे. आप्पांचा मला राग होता, आणि राग सांगता येतो. पण काकू?

काकू म्हणजे आप्पांची बायको. माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नाहीत. दवाखान्यात यायच्या त्या आप्पांच्या सोबतीला, स्वतःसाठी कधीच नाही. एकदा आप्पा बाहेर कुणाशी तरी बोलत उभे होते, तेव्हा सहज म्हणाल्या, "यांना बरं वाटलं की हे गोळ्या सोडत्यात. मंग उरलेल्या मी खाती. कणकण आली, अंग दुखलं, की एखादी. एवढ्या भारी गोळ्या, टाकायच्या कशाला?" उरलेली भाकरी खावी तशा त्या गोळ्या खात होत्या — सगळ्यांचं झाल्यावर.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य — काकू, त्या खाऊ नका. पण त्यांनी विचारलं असतं, का? मग सांगावं लागलं असतं की आप्पांनाही त्यांची गरज नव्हती. मी नुसती मान डोलावली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. नंतर आप्पा आले तेव्हा पुन्हा तीच गोळी लिहिली. काकू खाणार, हे माहीत असून लिहिली.

मग काकूंना लघवीला जळजळ सुरू झाली. त्यांनी अंगावर काढली, उरलेल्या गोळ्या खाल्ल्या, आणि हुडहुडी भरून ताप चढला तेव्हा त्यांना आळेफाट्याला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीचा मला फोन आला. लघवीचा रिपोर्ट यायला वेळ आहे, यांनी याआधी कोणती अँटिबायोटिक्स घेतलीत? खरं सांगितलं असतं, तर तिने पहिल्याच दिवशी वेगळं औषध सुरू केलं असतं. मी म्हणालो, "त्या पेशंट म्हणून माझ्याकडे कधी आल्याच नाहीत." यात खोटा शब्द एकही नाही. बघा, किती जपून बोललो.

रिपोर्ट आला. नेहमीच्या औषधांपैकी एकही त्या जंतूंना लागू पडत नव्हतं. जे पडणार होतं ते सुरू झालं, पण तोवर सगळं रक्तात पसरलं होतं. काकू गेल्या.

दशक्रियेला नदीवर सगळा गाव जमला. श्रद्धांजलीची भाषणं झाली, आणि शेवटी आप्पा स्वतः उठले. तोच माइक.

"डॉक्टर, त्या लग्नात मी लई वंगाळ बोललो व्हतो तुमाला. गावासमोर बोललो, म्हून गावासमोरच मागं घेतो. तुमच्या हाताला गुण हाय. माझं समदं दुखणं तुमीच काढलं. हिचंच नशीब खोटं निघालं."

सगळा गाव माझ्याकडे बघत होता. बायकांमधून माझी बायकोही. इतकी वर्षं मी याचीच वाट पाहिली होती — तोच माणूस, तोच माइक, तेवढाच गाव. मी हात जोडले.

आणि मला बरं वाटलं.