पट्टा बांधल्याची वेळ

ती अकराची वेळ मी ठोकून दिली होती. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही; बायकोलाही नाही.

मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. जवान जखमी झाला की डॉक्टरपर्यंत पोचेतो त्याला जिवंत ठेवायचं, हे माझं काम. पाठीवर औषधांची पिशवी, खांद्याला रायफल. ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी एक गोष्ट आमच्याकडून इतक्यांदा घोकून घेतली होती की झोपेतही म्हणावी: रक्त थांबवायला पट्टा आवळला, की घड्याळ बघ आणि जखमीच्या कपाळावर वेळ लिही. पट्ट्याखालचा पाय रक्तावाचून तासागणिक मरत असतो. पाय वाचवायचा की कापायचा, हे ठरवताना खालचा सर्जन आधी ती वेळ बघतो.

डोंगरातल्या एका चौकीजवळ सुरुंग फुटला आणि आमच्या कंपनीतला तळा गावचा जवान पडला. आम्ही दोघेच रायगडचे, म्हणून जिगरी. गोळीबार चालू होता, मी सरपटत पोचलो. घट्ट ड्रेसिंग केलं, रक्त थांबलं. वायरलेसवर कळवलं तेव्हा अकरा वाजले होते. मग स्ट्रेचर घेऊन उतरू लागलो. दुपार कलल्यावर कधीतरी ड्रेसिंग भिजलं, आणि मी मांडीला पट्टा आवळला. घड्याळ बघितलं नाही. पेन खिशातच होतं.

सहाला खाली पोचलो. सर्जनसाहेबांनी विचारलं, "पट्टा कब बांधा?"

मला त्या दिवसाची पक्की ठाऊक असलेली वेळ एकच. "ग्यारह बजे, सर."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. पाय मांडीतून गेला.

आता मी बोर्ली पंचतनला एका दवाखान्यात ड्रेसिंग करतो. गेल्या महिन्यात त्या तळ्याच्या दोस्ताने घरी जेवायला बोलावलं. त्याची मुलगी नर्सिंग शिकते, ती सुट्टीवर आली होती. टाळायची कारणं संपली होती. तळ्याच्या एसटी स्टँडवर तो तीन चाकांची स्कूटर घेऊन हजर.

"ये रे डॉक्टर! एक पाय सरकारजमा, तरी तुझ्याआधी पोचलो का न्हाय?"

जेवताना मुलीने विचारलं, "काका, पप्पांना पट्टा किती वाजता बांधला होतात?"

तो हसला. "अगं, हा घड्याळ बघत बसला असता तर माझा फोटो असता त्या भिंतीवर!"

तिथेच बोलायला हवं होतं.

"अकराला," मी म्हणालो.

"आणि खाली कधी पोचलात?"

"सहाला."

"सात तास." ती बापाकडे वळली. "मग पाय राहणारच नव्हता, पप्पा. कुणी काही करू शकलं नसतं."

त्याने हातातला घास ताटात ठेवला. "मला इतकी वर्षं वाटायचं, साहेबांनी घाई केली. किती शिव्या घातल्या मनात त्यांना." मग बायकोला म्हणाला, "याला माशाची आणखी एक तुकडी वाढ गं."

मी ती खाल्ली.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. पट्टी कापता कापता हात थांबतो. फोन उचलतो, ठेवतो. पाय वाचलाच असता असं नाही. जखम वाईट होती. पट्ट्याला तीन तास झाले असतील, चारही. पण ते ठरवणं सर्जनसाहेबांचं काम होतं, आणि मी त्यांना चुकीची वेळ दिली. आता तीच त्याच्या मुलीलाही दिली.

पट्टा अकराला बांधला नव्हता, आणि कधी बांधला ते मला माहीत नाही. त्या दोघांच्या समोर बसून एवढं सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.